नोंदींची समानता : संगणकाची आणि माणसाची

लाभार्थींच्या यादीत एकच व्यक्ती दोनदा आल्यास संगणकाने ते ओळखावे, अशी अपेक्षा असते. परंतु १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा या संगणकभाषेत अशा दोन नोंदी म्हणजे स्मृतीतील दोन स्वतंत्र वस्तू, अर्थात ‘ऑब्जेक्ट’, होत. दुहेरी बरोबर-चिन्हाने तुलना केल्यास ती एकच वस्तू आहे काय, एवढेच तपासले जाते. तपशील तंतोतंत जुळला तरी उत्तर नकारार्थी येते. गुणधर्मांच्या मूल्यांवरून तुलना करण्यासाठी ‘इक्वल्स’ ही पद्धती लिहावी लागते. तिच्याशी सुसंगत ‘हॅशकोड’ नसल्यास हॅश-संचात त्याच नोंदी पुन्हा शिरू शकतात. २०२१ च्या सोळाव्या आवृत्तीपासून ‘रेकॉर्ड’ या प्रकारात ही सोय आपोआप मिळते. मात्र तेथे सर्वच गुणधर्म तुलनेत येतात.

तथापि, कोणते गुणधर्म ग्राह्य धरावयाचे, हा निर्णय यंत्राचा नव्हे. केवळ नाव व गाव घेतल्यास एकाच नावाच्या दोन महिलांपैकी एक यादीतून गळेल. पत्ताही घेतल्यास घर बदललेली व्यक्ती दोनदा मोजली जाईल. म्हणून प्रत्येकास वेगळा व न बदलणारा क्रमांक हाच निकष इष्ट. तो आज्ञावली लिहिण्यापूर्वीच ठरविणे, ही नोंदी ठेवणाऱ्यांची जबाबदारी होय.