बोलणारी गिटार आणि मिटलेला कंठ

नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगावच्या शिवारात मेहेराबादची टेकडी आहे, आणि १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ज्यांनी अखंड मौन पाळले त्या मेहेरबाबांची समाधी त्या टेकडीवर आहे. इंग्लंडमधील ‘द हू’ ह्या वाद्यवृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड हे बाबांचे अनुयायी असल्यामुळे, आपल्या जिल्ह्यात गिटार शिकणाऱ्या कोणालाही त्या नावाविषयी जवळीक वाटावी हे स्वाभाविकच होय. परंतु जेथे जवळीक असते तेथे ऐकीव गोष्टीही लवकर रुजतात. आणि गिटार ‘बोलते’ ह्या चमत्काराविषयी, म्हणजे ज्याला ‘टॉक बॉक्स’ म्हणतात त्या साधनाविषयी, शिकाऊ मंडळींत इतके गैरसमज आढळतात की त्यांचा एकदा सविस्तर खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत रूढ समजूत अशी की, वादक तोंडात नळी धरून तीत गातो आणि ते गाणे गिटारमध्ये शिरते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जत्रेच्या मंडपात कर्ण्याच्या मागे जे ‘युनिट’ बसविलेले असते, तशाच जातीचे एक युनिट पायाजवळच्या पेटीत बंद केलेले असते. मात्र त्याच्या तोंडाशी कर्णा नसून प्लास्टिकची लवचिक नळी जोडलेली असते. गिटारचा आवाज त्या नळीवाटे वादकाच्या मुखात येतो, तेथे जीभ, ओठ आणि जबडा त्याला आकार देतात, आणि मुखातून बाहेर पडलेला तो घडविलेला ध्वनी समोरचा मायक्रोफोन टिपून घेतो. ह्या सर्व व्यवहारात वादकाचा कंठ मिटलेला असतो. त्याने गुणगुणण्याचा मोह धरला तर दोन स्वर एकमेकांवर आदळतात. काही निष्णात वादक हे हेतुपुरस्सर करतात, परंतु नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. सुरेल गळा असल्याखेरीज हे साधन साधत नाही, ही भीतीही ह्याच कारणाने निराधार ठरते, कारण सूर गिटारचा असतो आणि मुखाकडे केवळ उच्चाराचा कारभार असतो.

येथे मराठी विद्यार्थ्याच्या पदरी एक असे भांडवल आहे की ज्याची त्याला बहुधा जाणीव नसते. आपली वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली आहे: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य. जिभेने कोठे स्पर्श करावा ह्याचा संपूर्ण तपशील आपण बाराखडीबरोबरच शिकून चुकलेले असतो. आता घोष आणि अघोष हा भेद पाहा. ‘ब’ उच्चारताना कंठातील तंतू कंप पावतात, ‘प’ उच्चारताना पावत नाहीत. टॉक बॉक्समध्ये कंठाचे काम गिटारकडे सोपविलेले असल्यामुळे आणि तार एकसारखी निनादत असल्यामुळे ‘प’ म्हणावयास जावे तर ‘ब’ उमटतो, ‘त’चा ‘द’ होतो आणि ‘क’चा ‘ग’. अघोष वर्ण हवा असेल तेव्हा त्या क्षणापुरती तार हाताने दाबावी लागते, आणि ‘स’ किंवा ‘श’ हवा असेल तर स्वतःचा श्वास सोडून त्याचा फूत्कारध्वनी मायक्रोफोनला पुरवावा लागतो. हा हिशेब ज्याला कळला त्याचा निम्मा अभ्यास झाला, असे मी निःशंकपणे म्हणेन.

स्वरवर्णांचे रहस्यही मुखाच्या पोकळीतच आहे. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे उचलली जाऊन मुखपोकळीचे अनुनाद बदलतात, ‘आ’ म्हणताना जबडा उघडल्याने ते वेगळे होतात. मूळ ध्वनीतील काही उपस्वर त्यामुळे उठावदार होतात व काही मावळतात, आणि ह्या चढउतारालाच आपला कान ‘ई’ किंवा ‘आ’ म्हणून ओळखतो. म्हणून मूळ ध्वनीत उपस्वरांची समृद्धी असावी लागते. डिस्टॉर्शनचा कर्कश आवाज केवळ थाटासाठी वापरतात असे मानणारे येथेच फसतात. साध्या, मऊ आवाजात मुखाला कोरून काढण्याजोगे द्रव्यच फारसे नसते. तसेच एका वेळी अनेक तारा छेडल्या तर शब्द चिखलात रुतल्यासारखा होतो, म्हणून आरंभी एकेकच स्वर घ्यावा.

ह्या साधनाचे जनकत्व गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टन ह्यांना देण्याचा प्रघात आहे. त्यांच्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेने ते जगभर पोचविले हे खरे. पण पीट ड्रेक ह्यांनी मुखातल्या नळीने बोलविलेली स्टील गिटार १९६४ मध्येच लोकप्रिय झालेली होती, आणि १९७३ च्या सुमारास मोठ्या सभागृहांना पुरेल असा सामर्थ्यवान टॉक बॉक्स ध्वनितंत्रज्ञ बॉब हाइल ह्यांनी गिटारवादक जो वॉल्श ह्यांच्यासाठी सिद्ध केला. ह्याच वॉल्श ह्यांनी टाउनशेंड ह्यांना भेट दिलेली ग्रेच गिटार १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ ह्या ध्वनिमुद्रिकेत वाजलेली आहे. त्याच मुद्रिकेतील ‘गोइंग मोबाइल’मधील गिटारचा बोबडा, पाण्याखालून आल्यासारखा आवाज पुष्कळांना टॉक बॉक्सचा वाटतो, तो तसा नसून गिटार सिंथेसायझरमधून फिरविल्याचा परिणाम आहे. ‘बाबा ओ’रायली’ ह्या गीताचा प्रारंभ मेहेरबाबांच्या जीवनाची माहिती यंत्रात भरून निर्माण झाला, ही आख्यायिकाही अशीच दुरुस्त केली पाहिजे. तसा संकल्प टाउनशेंड ह्यांनी केला होता. परंतु प्रत्यक्षात आपण ऐकतो तो लॉरी कंपनीचा विद्युत्-ऑर्गन होय, आणि गीताचे नाव मेहेरबाबा व संगीतकार टेरी रायली ह्या दोघांवरून आलेले आहे.

नळीतून वीज तोंडात येते ही भीती व्यर्थ आहे, कारण नळीत केवळ हवेचा कंप असतो. मात्र तो कंप दातांना आणि कवटीला हादरविण्याइतका प्रबळ होऊ शकतो, म्हणून आवाज नेहमी अगदी खालून चढवीत न्यावा. साध्या, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसलेल्या पेटीला गिटारची वायर थेट जोडून काहीच निष्पन्न होत नाही. तिला अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरकडे जाणारा प्रवाह द्यावा लागतो. आणि मायक्रोफोन नसेल तर वादकाला स्वतःला पुष्कळ ऐकू येते, श्रोत्यांना जवळजवळ काहीच नाही.

शिकू इच्छिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: नळी स्वतःची ठेवावी, रोज धुवावी, ती तोंडाच्या कोपऱ्यात दाढेजवळ धरावी म्हणजे जीभ मोकळी राहते, आणि पहिला शब्द ‘बाबा’ हाच घ्यावा. दोन्ही व्यंजने घोष, दोन्ही ओष्ठ्य, आणि दोन्हींपुढे जबडा मोकळा सोडणारा ‘आ’. तार एकदाच छेडावी, कंठ मिटलेला ठेवावा आणि ओठ दोनदा उघडावेत.