एक थेंब तेल, बस्स!

बाइकची सर्व्हिसिंग तारखेवर, मोबाइलला नवं कव्हर, शूज तर रोजच चकाचक. आणि चार-पाच हजारांचं फिशिंग रीळ? ते गेल्या वीकेण्डचा चिखल अंगावर घेऊन कपाटात! आमच्या नागपूरच्या ग्रुपमध्ये हे चित्र मी कायम बघतो.

आमचा अड्डा म्हणजे गोंदिया जिल्हा. 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला, तलावांचा जिल्हा. इथले जुने तलाव म्हणजे ‘मामा तलाव’. मामाशी संबंध नाही, ‘माजी मालगुजारी’चं ते लघुरूप! अभयारण्यात गळ टाकायचा नाही, हे उघड आहे. बाहेरचे तलावही बहुधा मच्छीमार सोसायट्यांच्या ठेक्यात असतात, तेव्हा आधी परवानगी, मग मरळ.

समुद्र नाही, खारं पाणी नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण बॉस, इथला व्हिलन वेगळा आहे. गाळ! ओल्या दोऱ्याबरोबर तो आत शिरतो, ग्रीसमध्ये मिसळतो आणि गिअरचे दात घासत बसतो. हँडल फिरवताना खरखर जाणवली की समजायचं, पाहुणे आत पोचलेत.

आपण वापरतो त्या स्पिनिंग रीळच्या जातीचं पेटंट 1905 मध्ये घेतलं ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत सुटतं, तसाच गळ फेकताना स्पूलवरून दोरा सुटतो. स्पूल स्थिर. तो फिरतो फक्त मासा जोरात ओढतो तेव्हा, आणि किती जोराला फिरायचं ते ठरवतो ड्रॅग. एकमेकींवर दाबलेल्या चकत्यांचा हा क्लच म्हणजे रीळचा खरा जीव.

ड्रॅग घट्ट ठेवून रीळ महिनाभर कपाटात टाकलं की चकत्या दबतात, चिकटतात. पुढच्या वेळी मोठा मासा पळतो, ड्रॅग सोडत नाही, तंगूस तुटतो. आपण ‘गेला यार’ म्हणतो आणि चहा मागवतो. तिकडे मासा तोंडात गरी घेऊन फिरतो आणि पंधरा-वीस मीटर नायलॉन पाण्यात राहतं, वर्षानुवर्षं न कुजता. त्याच पाण्यात ढिवर बांधव कमरेएवढं उतरून जाळी लावतात. त्याच काठावर सारस चरतात. महाराष्ट्रात मोजकेच उरलेत ते, आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. त्यांच्या पायात आपला दोरा? नको!

एकदा बांधावर बसून मी रीळ पुसत होतो. शेजारी जाळं सांधत बसलेल्या काकांनी विचारलं, “मासे धरून रायले का घडी सुधरून रायले, भाऊ?” त्यांच्या हातातली सुई मात्र क्षणभर थांबली नव्हती. मेंटेनन्सचा फंडा त्यांना कोणी शिकवायची गरज नाही.

तर घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. नळाच्या बारीक धारेखाली रीळ धुवा. प्रेशर नको, बादलीत बुडवणं तर मुळीच नको. पुसा, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग सैल करून ठेवा. शेवटची पायरी सगळे विसरतात.

पावसाळ्यात एकदा रीळ उघडा. प्रत्येक स्क्रूआधी मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. जुन्या टूथब्रशने काळं ग्रीस काढा. गिअरला नवं ग्रीस, पातळ थर. बेअरिंगला आणि दोरा ज्यावरून वळतो त्या छोट्या रोलरला एक थेंब हलकं तेल. एकच! हँडल उलटं फिरू न देणाऱ्या बेअरिंगला ग्रीस लागलं तर ते घसरायला लागतं. गंज काढायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे, तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. आणि खोबरेल? विदर्भातल्या डिसेंबरात ते डब्यात गोठतं, तसंच रीळमध्येही गोठेल.

निघण्याआधी एक टेस्ट. दोऱ्याचं टोक भाजीच्या स्प्रिंगकाट्याला बांधून ओढा. चार किलो ताकदीचा दोरा असेल, तर साधारण एक किलोला ड्रॅगने सोडायला हवं, तेही एकसारखं, झटके न देता. अडखळला तर चकत्या काढा, पुसा, होत्या त्याच क्रमाने लावा आणि परत ओढून बघा.