जलदूत आणि कृष्णेचं पाणी
(इब्री लोकांस पत्र : लेखांक ३)

लातूरकरांना ‘दूत’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १२ एप्रिल २०१६च्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. गाडीचं नाव ‘जलदूत’. नळ कोरडे पडले होते, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. हंडा घेऊन ताटकळलेल्या माणसाला ती गाडी देवासारखी वाटली, तर नवल नाही. पण गाडीनं पाणी आणलं, पाणी कृष्णेचं होतं.

इब्री पत्राच्या पहिल्या अध्यायाला हाच फरक सांगायचा आहे. हिब्रूतला ‘मलाख’ आणि ग्रीकमधला ‘अँगेलॉस’ म्हणजे निरोप्या. नांदेड-लातूरकडे सर्रास ऐकू येणारा ‘फरिश्ता’सुद्धा मुळात ‘पाठवलेला’च. म्हणजे देवदूत हे कामाचं नाव झालं. पुत्र हे ख्रिस्ताचं नाव मात्र नात्याचं.

या पत्राच्या लेखकानं स्वतःचं नाव कुठेच दिलेलं नाही. जुन्या करारातले सात उतारे मात्र त्यानं एकामागोमाग मांडलेत, त्यातले बहुतेक स्तोत्रांमधले. दूत म्हणजे वारा, दूत म्हणजे अग्नी, हुकूम होताच धावणारे. सिंहासन पुत्राचं, आणि दूत त्याला नमन करतात. चौथ्या वचनात वारशाचा शब्द येतो. तो आपल्या गावाकडे चटकन कळतो. मालकाचा निरोप घेऊन शेतावर सालगडी जातो. तो इमानी असतो, कधी कधी मुलापेक्षा जास्त राबतो. तरी सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं ते मुलाचंच. दाखला इथेच सोडावा, कारण आपल्याकडे ती नोंद बाप गेल्यावर होते. इथे पिता सदाजीवी आहे, आणि जे वारशात मिळालं ते विश्व पुत्राच्याच द्वारे निर्माण झालेलं आहे.

यात देवदूतांना कमी लेखलेलं नाही, हे मी आवर्जून सांगतो. नियमशास्त्र देवदूतांकरवी मिळालं, अशी या पत्राच्या पहिल्या वाचकांची श्रद्धा होती, आणि छळानं थकून त्यांची पावलं मागे वळू लागली होती. त्यांना लेखक विचारतो, दूतांनी आणलेला शब्द जर इतका पक्का, तर पुत्रानं स्वतः येऊन सांगितलेला कसा टाळाल?

दुसऱ्या अध्यायापाशी मी दरवेळी थांबतो. दूतांहून थोर असलेला तो, थोडा काळ त्यांच्याहूनही खाली उतरला. देवदूताला मरण नाही, मग मरणाच्या धाकातून तो माणसाला सोडवणार कसा? त्यासाठी रक्तामांसाचंच व्हावं लागतं. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत सांत्वनाला पुष्कळ जण आले असतील. पण ज्यानं स्वतः ढिगाऱ्यात हात घालून आपलं माणूस शोधलं, त्याचा हात खांद्यावर पडला की शेजारी रडू शकतो. ख्रिस्तानं स्वतः सोसलं म्हणून सोसणाऱ्यांच्या मदतीला तो येऊ शकतो, असं दुसऱ्या अध्यायाचं शेवटचं वचन सांगतं.

पुढील लेखांकात तिसरा अध्याय : मोशे आणि घर बांधणारा.