हिंगोलीच्या शिवारातील कार्बोक्सिलीकरण

सेंद्रिय रेणूला कार्बन डायऑक्साइड जोडला जाऊन त्यावर कार्बोक्सिल गट तयार होतो, त्या अभिक्रियेला कार्बोक्सिलीकरण म्हणतात. चिंच, लिंबू आणि दही यांचा आंबटपणा ज्या आम्लांमुळे येतो त्या सर्वांत हा गट असतो. मात्र असा गट निर्माण करणारी प्रत्येक अभिक्रिया कार्बोक्सिलीकरण नव्हे. अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होऊन व्हिनेगर बनते, तेव्हा बाहेरून नवा कार्बन येत नाही. म्हणून तिथे हे नाव लावत नाहीत. कारखान्यातले जुने उदाहरण कोल्बे-श्मिट अभिक्रियेचे. सोडियम फिनॉक्साइडवर दाबाखाली तापवून कार्बन डायऑक्साइड सोडला की सॅलिसिलिक आम्लाचा क्षार मिळतो आणि त्यापासून पुढे ॲस्पिरिन बनते.

या अभिक्रियेचे खरे साम्राज्य मात्र हिरव्या पानात आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन, तूर, कापूस, वसमतची हळद, ज्वारी आणि ऊस ही पिके शेजारी शेजारी उभी असतात. कार्बोक्सिलीकरणाच्या दोन्ही प्रमुख पद्धती त्यामुळे एकाच बांधाच्या दोन बाजूंना पाहता येतात.

सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही सी-३ पिके. त्यांच्या पानात रुबिस्को हे विकर पाच कार्बनांच्या शर्करेला कार्बन डायऑक्साइड जोडते आणि तीन कार्बनांचे दोन रेणू मिळतात. पुढचे संपूर्ण चक्र उलगडण्याच्या कामासाठी मेल्विन कॅल्विन यांना १९६१चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुबिस्को संथ आहे, सेकंदाला जेमतेम काही रेणू हाताळते. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक पक्का कळत नाही. ऑक्सिजन जोडला गेला की प्रकाशश्वसन सुरू होते आणि आधी बांधलेला कार्बन काही प्रमाणात पुन्हा हवेत जातो. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की सोयाबीन पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटते. पानात कार्बन डायऑक्साइड घटतो, ऑक्सिजनचे पारडे जड होते. ऐन फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना असे झाले तर उतारा घसरतो. पाण्याच्या ताणाचे नुकसान अनेक अंगांचे असते, त्यातले हे एक.

ज्वारी आणि ऊस या सी-४ पिकांनी ही अडचण ओलांडली आहे. त्यांच्या पानात पहिले कार्बोक्सिलीकरण दुसरेच विकर करते, ज्याची ऑक्सिजनशी गल्लत होत नाही. चार कार्बनांचे आम्ल बनते, ते शिरेभोवतीच्या पेशींत जाते, तिथे कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि रुबिस्कोला तो भरपूर मिळतो. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावरच हा मार्ग मांडला. यामुळे तेवढ्याच वाढीला सी-४ पिकांना साधारण निम्मे पाणी पुरते. ऊस तरीही पाणी पितो, कारण तो वर्षभर शेतात उभा राहून प्रचंड वाढतो. कोरडवाहू जमिनीत ज्वारी टिकते, तिच्या खोल मुळांइतकेच श्रेय या विकराला द्यायला हवे. बांधावरचे घायपात तर हे विकर रात्री वापरते: अंधारात रंध्रे उघडून आम्ल साठवायचे, दिवसा ती मिटून साखर करायची.

सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतही हेच विकर काम करते. त्यातून तयार होणारे मॅलिक आम्ल नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचे खाद्य ठरते.

तणनाशकाचा संबंधही इथलाच. क्विझालोफॉप-इथाइल हे सोयाबीनमधले परिचित तणनाशक ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज हे विकर बंद पाडते. मेदाम्ले तयार होण्याची पहिली पायरीच अडते आणि गवत मरते. सोयाबीनच्या हरितलवकातील विकराची घडण वेगळी असल्याने ते वाचते. ज्वारी मात्र गवतकुळातली, तिच्यावर फवारा गेला तर ती जळते. केना आणि लव्हाळा ही गवते नसल्याने या औषधाला दाद देत नाहीत.

माणसाच्या यकृतात कार्बोक्सिलीकरण रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर होते. त्यासाठी व्हिटॅमिन के लागते. नवजात बाळाला जन्मानंतर त्याचे इंजेक्शन देतात ते रक्तस्राव टाळण्यासाठी. वॉरफेरिन हे औषध व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येऊ देत नाही, म्हणून ते घेणाऱ्या रुग्णाला पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये असे सांगतात.