विमानाचे पंख टेम्पोतून न्यायचे कसे? चारकोपच्या गच्चीपासून कोकणच्या सागरी रस्त्यापर्यंत

डिजिटल डेस्क, कुणकेश्वर (ता. देवगड) : फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात एक विमान गच्चीवरून खाली उतरले, तेही क्रेनने. कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले हे सहा आसनी विमान वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडायचे होते. पंख आणि शेपटी सुटी करून सुमारे 25 किलोमीटरचा प्रवास ट्रकने झाला आणि प्रदर्शनाच्या जागी विमान पुन्हा जोडले गेले. नोव्हेंबर 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्याची नोंदणी केली. पुढे त्याच्या चाचण्यांचे ठिकाण ठरले धुळ्याची धावपट्टी.

या विमानाच्या परवानगीच्या लढ्यावर भरपूर लिहिले गेले. ट्रकच्या प्रवासावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. खरे तर घरी बांधलेल्या प्रत्येक विमानाला पहिल्या उड्डाणाआधी हा प्रवास करावाच लागतो, कारण घराशेजारी धावपट्टी नसते.

धोका नेमका कोणता?

पंख हवेत काही पट भार सोसतो. मग रस्त्यावरच्या खड्ड्याला त्याने का घाबरावे? कारण तो सगळा भार ठरलेल्या वाटेनेच जातो : पत्र्यावरून फासळ्यांकडे, फासळ्यांकडून पंखाच्या कण्याकडे, म्हणजे स्पारकडे, आणि तिथून बोल्टमधून विमानाच्या धडाकडे. दोन फासळ्यांमधला पत्रा मात्र एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतो. तिथे पट्टा आवळला किंवा लाकडाचा कोपरा टेकला, तर पोचा येतो. पुढच्या कडेला पोचा आला की हवेचा प्रवाह बिघडतो आणि कमी वेगात एक पंख दुसऱ्याआधी साथ सोडू शकतो. जोडणीची छिद्रे हिसक्यांनी किंचित लांबट झाली, तर ते बाहेरून दिसतही नाही. घरगुती विमानाचे पहिले उड्डाण अनेकदा ते बांधणाराच करतो. टेम्पोत झालेल्या चुकीचा हिशेब तो हवेत चुकता करतो.

आडवा ठेवायचा की उभा?

बघणाऱ्याला वाटते, गादी टाकून आडवा ठेवला की झाले. इथे थोडे गणित करू. घरगुती बांधणीत लोकप्रिय असलेल्या अमेरिकेतील व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-7 या दोन आसनी विमानाचा पंखविस्तार 25 फूट आहे. एकेक पंख धरला तर लांबी साधारण साडेतीन मीटर, रुंदी दीड मीटरच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे 5 चौरस मीटर. असा पंख उघड्या ट्रेलरवर, पुढची कड प्रवासाच्या दिशेला करून, चार-पाच अंश वर उचलला गेलेला असेल, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला त्यावर अंदाजे 70 किलो वजनाइतके उचल बल येते. दोन माणसे सहज उचलतात त्या मोकळ्या पंखाचे वजन याहून कमी! उडण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे, ती संधी मिळताच उडणार. वेग निम्मा केला की हे बल एक चतुर्थांश होते, हे लक्षात ठेवायचे.

म्हणून रूढ पद्धत अशी : पंख उभा, पुढची कड खाली, आणि लांबी गाडीच्या लांबीच्या दिशेने. खाली पंखाच्या आकाराचे लाकडी खाचे, त्यांवर जाड गालिचा किंवा फोम. खाचे फासळ्यांच्या बरोबर खाली यायला हवेत. पंखाचे मूळ स्पारच्या जोडणीपाशी चौकटीला बोल्टने बांधतात, म्हणजे पट्ट्यांवर सगळा भरवसा राहत नाही. मागची कड कागदासारखी नाजूक असते. तिच्यावर पंख कधीच टेकवायचा नाही.

देवगडच्या आंबा बागायतदाराला हे समजावणे सोपे आहे. पेटीत पेंढा भरतात तो फळ हलू नये आणि फळाला फळ घासू नये म्हणून. पंखाचेही तेच. नुसते मऊ असून भागत नाही, आकारात धरून ठेवावे लागते. एलेरॉन आणि फ्लॅप काढून वेगळे गुंडाळलेले बरे. काढायचे नसतील, तर ते हलणार नाहीत असे गादीदार पट्ट्यांनी बांधावेत. पंखात इंधनाच्या टाक्या असतील तर त्या रिकाम्या करून, वाफ निघून गेल्यावरच गाडी भरायची.

गाडी कोणती?

साडेतीन मीटरचा पंख 14 फुटी हौद्यात फाळका बंद करून बसतो. अडचण वेगळीच असते. माल वाहण्यासाठी बनलेले कडक पाटे दोन हलक्या पंखांनी दबतच नाहीत आणि रिकामा टेम्पो गतिरोधकावर कसा आपटतो हे सगळ्यांना माहीत आहे. उपाय म्हणजे हवेच्या सस्पेन्शनची गाडी घेणे. ती नसेल तर घट्ट बांधलेल्या वाळूच्या पोत्यांचा भार टाकणे आणि चाकांतली हवा टायरच्या मर्यादेत थोडी कमी ठेवणे. निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून पट्टे तपासायचे. ते हमखास सैल झालेले असतात.

नियम काय सांगतात?

मागे लाल फडके बांधले की कितीही लांब माल चालतो, हा समज जुना झाला. सळया बाहेर काढून नेणाऱ्या ट्रकमुळे झालेल्या अपघातांनंतर 2014 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले आणि गाडीबाहेर डोकावणाऱ्या मालाला बंदी आली. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 नुसार अशा मालासाठी 20 हजार रुपये दंड आहे, शिवाय माल तिथेच उतरवावा लागतो. भर रस्त्यात, अनोळखी हातांनी पंख उतरवला जाणे दंडापेक्षा महाग पडेल. हौद्यात न मावणारा पंख असेल तर पवनचक्कीच्या पात्यांसारखी 'ओडीसी' मालाची आगाऊ परवानगी हाच मार्ग.

कुणकेश्वरातून न्यायचा झाला तर?

समजा, कुणकेश्वरच्या एखाद्या खळ्यात विमान तयार झाले. जिल्ह्यातील धावपट्टी एकच, ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेल्या चिपी विमानतळाची, अडीच किलोमीटर लांब. तिथे चाचणीला परवानगी मिळणे हा डीजीसीए आणि विमानतळाचा स्वतंत्र विषय. वाट मात्र मिठबाव, मुणगे, आचरा, मालवण आणि कर्ली ओलांडून परुळे अशी.

या वाटेवर वळणे आणि चढउतार आहेत, पण खरा प्रतिस्पर्धी वारा. उभा पंख म्हणजे शीडच. उघड्या सड्यावर किंवा खाडीच्या पुलावर ताशी 40 किलोमीटरचा आडवा झोत आला, तर त्या 5 चौरस मीटरवर सुमारे 40 किलोचा ढकल बसतो. त्यामुळे बंद हौदा उत्तम. दुपारी समुद्राचा वारा जोर धरतो, म्हणून निघायचे पहाटे. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस तर विसरूनच जायचे.

ताडपत्री हा सोपा उपाय वाटतो, पण फडफडणारी ताडपत्री पॉलिश पेपरसारखी रंग घासते. फायबरच्या पंखाला ती आणखी त्रासदायक. साध्या तापमानाला पक्क्या होणाऱ्या अनेक इपॉक्सी 60 ते 70 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात आणि एप्रिलच्या उन्हात काळ्या आवरणाखाली ही मर्यादा जवळ येते. अशी विमाने बहुधा पांढरी का असतात, त्याचे कारण हेच. ॲल्युमिनियमच्या पंखाचा वैरी म्हणजे खारी हवा. पोहोचल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करूनच तो जोडायचा.

जोडताना काय पाहायचे?

प्रत्येक जोडणीचे बोल्ट वेगळ्या, नाव लिहिलेल्या पिशवीत असावेत. कॉटर पिना जुन्या वापरायच्या नाहीत. छिद्रे, रिव्हेट आणि पुढची कड हात फिरवून तपासावी. सर्वांत महत्त्वाची तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती जोडणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या माणसाने करायची. नियंत्रणाच्या तारा उलट जोडल्या गेल्याने जगभरात विमाने पडली आहेत. एकाने आत बसून काठी डावीकडे ढकलावी, दुसऱ्याने बाहेर उभे राहून पाहावे. डाव्या पंखाचा एलेरॉन वर आणि उजव्याचा खाली गेला पाहिजे.