विश्लेषण : घर रेवदंड्यात, ड्युटी मुंबईत… विमान कर्मचारी ये-जा कशी करतात?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि रायगड जिल्ह्याच्या हद्दीत मोठा विमानतळ आला. रेवदंड्याहून अलिबाग, वडखळ, पेण मार्गे तिथे पोहोचायला ८० किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. मुंबईचा जुना विमानतळ गाठायचा तर ११० ते १२० किलोमीटर. विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या इथल्या तरुणासमोर त्यामुळे सरळ प्रश्न येतो : गावातून ये-जा करायची, की अंधेरी-मरोळला चौघांत एक फ्लॅट घ्यायचा?

‘बेस’ म्हणजे काय?

कंपनी प्रत्येक वैमानिकाला आणि केबिन क्रूला एक शहर ठरवून देते. त्याची ड्युटी तिथे सुरू होते आणि साधारणपणे तिथेच संपते. हाच त्याचा बेस. कंपनीने कामासाठी प्रवासी म्हणून दुसऱ्या शहरात पाठवले, तर तो वेळ ड्युटीत धरला जातो. घरून बेसला येण्याचा वेळ मात्र धरला जात नाही. अनेक कंपन्या घरापर्यंत गाडी पाठवतात, पण ती शहराच्या ठरावीक हद्दीपर्यंतच.

विमानाने कामाला कोण जाते?

घर नागपूरला आणि बेस मुंबई असेल, तर विमानाला पर्याय उरत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तरी ड्युटीआधी इतके ड्रायव्हिंग करणे शहाणपणाचे नाही. कर्मचाऱ्यांना सवलतीचे तिकीट मिळते, पण बहुतेकदा ‘जागा उरली तर’ या अटीवर. दिवाळीत विमाने भरलेली असतात, तेव्हा हे तिकीट हातात असूनही माणूस गेटवरच राहतो. म्हणून अनुभवी मंडळी दोन विमाने आधी, किंवा आदल्या संध्याकाळीच निघतात. पुणेकर बहुतेकदा गाडीच काढतो. दीडशे किलोमीटरसाठी विमानतळावर दोन तास आधी जाऊन बसण्यात त्याचा वेळ वाचत नाही.

रेवदंड्याचे गणित

इथे विमानाचा पर्यायच नाही. आहे तो बोटीचा. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो मार्च २०२० पासून सुरू आहे. तासाभरात गाडीसह मुंबई. पण ती दिवसा चालते. मांडवा-गेटवे प्रवासी बोटी तर पावसाळ्यात बंदच असतात.

आता समजा, मुंबईहून सकाळी ६ चे विमान आहे आणि ५ वाजता हजर व्हायचे आहे. बोट नाही, म्हणजे रेवदंड्याहून रात्री पावणेदोन-दोनला गाडी काढायची. त्यासाठी १ ला उठायचे. पहाटे २ ते ६ ही वेळ शरीराच्या सुस्तीची, हे विमान वाहतुकीच्या नियमांतही मान्य आहे. नेमकी तीच वेळ स्टिअरिंगवर जाते. ड्युटी १० तासांची धरली तर दुपारी ३ ला सुटका, आणि घरी पोहोचेपर्यंत संध्याकाळचे ६. म्हणजे सलग १७ तास जागरण. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे! दारूसाठी नाक्यावर तपासणी होते, झोपेसाठी कोणी गाडी थांबवत नाही.

रविवार असेल तर आणखी एक गंमत. संध्याकाळच्या ड्युटीला निघालेला रेवदंडेकर अलिबागहून परतणाऱ्या पर्यटकांच्या रांगेत वडखळपर्यंत अडकतो.

हा फक्त सोयीचा प्रश्न आहे का?

नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिक सिएटलजवळच्या घरून रात्रभर विमानप्रवास करून न्यूअर्कच्या बेसला आली होती. कॅप्टनचे घर फ्लोरिडात होते. अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया ठरले, पण दोघांच्या थकव्याचीही तपासात नोंद झाली. त्यानंतर २०१४ मध्ये तिथे विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. तरीही घरून बेसला येण्यावर मर्यादा आली नाही. युरोपात एवढेच मार्गदर्शन आहे, की हा प्रवास नेहमी ९० मिनिटांहून जास्त होत असेल तर बेसजवळ तात्पुरत्या मुक्कामाचा विचार करावा. रेवदंडा या फूटपट्टीत बसत नाही.

भारतात काय बदलले?

डीजीसीएच्या नव्या नियमांनी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आणि तीत दोन रात्री असणे बंधनकारक केले. याच नियमांच्या दुसऱ्या टप्प्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. केबिन क्रूचे नियम वेगळे आहेत.

गावी घर असणाऱ्यासाठी हे १२ तास मोठे आहेत. ३६ तासांत जाण्या-येण्याचे सहा तास गेले की हाती ३० उरत, आता ४२ उरतात. त्यामुळे आठवडाभर मुंबईत सामायिक खोली आणि सुट्टीला गाव, हा मधला मार्ग जमण्यासारखा झाला आहे. त्यात खोलीचे भाडे आहे, पण रात्री दोनला गाडी काढावी लागत नाही.

रेवस-करंजा पूल झाला की वडखळचा वळसा टळेल आणि उरणमार्गे नवी मुंबई विमानतळ बराच जवळ येईल. तोवर रोस्टर हाती पडले की आधी पाहायचे ते पहाटेच्या ड्युट्या किती आणि रविवार कुठे आला आहे.