विश्लेषण : जपानमध्ये घर बदलणे परदेशी रहिवाशांसाठी इतके किचकट का?

नोकरी पक्की झाली, व्हिसा हातात पडला आणि विमानाचे तिकीट निघाले की जपानला जाण्याची तयारी संपली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कसोटी सुरू होते ती तिथे उतरल्यावर, घर शोधताना. २०२४च्या अखेरीस जपानमधील परदेशी रहिवाशांची संख्या सुमारे ३७ लाख ६९ हजार होती. त्यांत भारतीय ५० हजारांहून अधिक. ऑगस्ट २०२५मध्ये दोन्ही देशांनी जाहीर केलेल्या मनुष्यबळ देवाणघेवाणीच्या आराखड्यानुसार पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल मनुष्यबळ जपानला जाणे अपेक्षित आहे. या सर्वांना तिथे पहिला प्रश्न पडणार आहे तो पत्त्याचा.

पत्त्याला इतके महत्त्व का?

तीन महिन्यांहून अधिक काळासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीला नारिता, हानेदा, कानसाई अशा मोठ्या विमानतळांवर उतरताच ‘झाइऱ्यू कार्ड’ म्हणजे निवासी ओळखपत्र मिळते. जुलै २०१२पासून ही पद्धत सुरू आहे. मात्र त्या वेळी कार्डावर पत्ता नसतो. राहण्याचे ठिकाण निश्चित झाल्यावर १४ दिवसांत तेथील पालिका कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो आणि तो कार्डावर छापून घ्यावा लागतो. टोकियोच्या २३ विशेष प्रभागांत या कार्यालयाला ‘कुयाकुशो’, तर शहरांत ‘शियाकुशो’ म्हणतात.

या एका नोंदीवर पुढचे सगळे अवलंबून असते. बारा आकडी ‘माय नंबर’, राष्ट्रीय आरोग्य विमा, निवृत्तिवेतन योजना, बँक खाते, मोबाइलची जोडणी, मुलांचा सरकारी शाळेतील प्रवेश या सर्व ठिकाणी पत्ता लागतो. यातून नवागतांची कोंडी होते. घर घ्यायला गेले तर जपानी फोन क्रमांक मागतात, फोन घ्यायला गेले तर बँक खाते किंवा क्रेडिट कार्ड, आणि बँकेत गेले तर पत्ता व फोन दोन्ही. त्यामुळे बरेच जण पहिले काही आठवडे कंपनीच्या निवासस्थानात किंवा सामायिक घरात काढतात आणि तेवढ्यात कागदपत्रे जुळवून मग स्वतःचे घर शोधतात.

घर बदलल्यास कोणत्या नोंदी कराव्या लागतात?

एका पालिकेच्या हद्दीतून दुसरीकडे जायचे असल्यास दोन टप्पे असतात. आधी जुन्या कार्यालयात ‘तेनशुत्सु तोदोके’ म्हणजे बाहेर पडत असल्याची सूचना देऊन दाखला घ्यायचा. नव्या घरी राहायला गेल्यावर १४ दिवसांत तो दाखला आणि कुटुंबातील प्रत्येकाचे निवासी कार्ड घेऊन नव्या कार्यालयात ‘तेनन्यू तोदोके’ म्हणजे आगमनाची नोंद करायची. त्याच हद्दीत घर बदलल्यास ‘तेनक्यो तोदोके’ ही एकच नोंद पुरते. फेब्रुवारी २०२३पासून माय नंबर कार्ड असलेल्यांना बाहेर पडण्याची सूचना ऑनलाइन देता येते. नव्या कार्यालयात मात्र स्वतः जावेच लागते.

नियम मोडल्यास काय होते, हे अनेकांना उशिरा कळते. मुदतीत पत्ता न नोंदवल्यास दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. रास्त कारणाशिवाय ९० दिवसांत नवा पत्ता कळवला नाही, तर निवासाचा दर्जाच रद्द होऊ शकतो. म्हणजे भारतात आधार कार्डावरील पत्ता वर्षानुवर्षे जुना राहिला तरी चालून जाते, तिथे तोच आळस देश सोडायला लावू शकतो. नोकरी बदलल्यासही तांत्रिक वा कार्यालयीन कामाच्या व्हिसावर असलेल्यांना १४ दिवसांत इमिग्रेशन यंत्रणेला वेगळे कळवावे लागते. पालिकेत पत्ता बदलला म्हणजे तेही झाले, असा समज चुकीचा आहे.

परदेशी व्यक्तींना घर का नाकारले जाते?

जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६मध्ये परदेशी रहिवाशांचे सर्वेक्षण केले. आधीच्या पाच वर्षांत घर शोधणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणांनी परदेशी असल्यामुळे घर नाकारले गेल्याचे सांगितले. जपानी हमीदार नसल्याने नकार मिळालेल्यांचे प्रमाण ४१ टक्के होते. ‘परदेशी नकोत’ असे लिहिलेले पाहून सुमारे २७ टक्के जणांनी त्या घराचा नाद सोडला होता.

घरमालकांची कारणे ठरलेली असतात. भाषा येत नाही, कचऱ्याचे नियम पाळले जाणार नाहीत, आवाज होईल, भाडे थकवून माणूस मायदेशी निघून जाईल. मुंबई-पुण्यात जात, धर्म, आहार किंवा एकटे असणे यावरून घर नाकारले गेलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. जपानमध्ये खासगी घरमालकाच्या अशा भेदभावाला थेट बंदी घालणारा स्वतंत्र सर्वंकष कायदा नाही. न्यायालयात दाद मात्र मागता येते. २००७मध्ये क्योटो जिल्हा न्यायालयाने कोरियन महिलेला राष्ट्रीयत्वावरून घर नाकारणाऱ्या मालकाला ११ लाख येन भरपाई देण्याचा आदेश दिला. पण घर आजच हवे असलेल्या माणसाला खटल्याची वाट परवडत नाही. तो पुढच्या दलालाकडे जातो.

सुरुवातीला किती पैसे लागतात?

भाड्याखेरीज ‘शिकीकिन’ ही अनामत रक्कम असते. ‘रेइकिन’ हा प्रकार भारतीयांना चक्रावून टाकतो. शब्दशः अर्थ ‘आभाराचे पैसे’. घर दिल्याबद्दल मालकाला द्यायची ही रक्कम परत मिळत नाही. आपल्याकडच्या पागडीसारखा त्यातून घरावर कोणताही हक्कही निर्माण होत नाही. त्याशिवाय दलाली, हमीदार कंपनीचे शुल्क, आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च.

उदाहरणार्थ, महिना एक लाख येन भाड्याचे घर घेतले आणि अनामत व रेइकिन प्रत्येकी एका महिन्याचे असेल, तर आगाऊ भाड्यासह तीन लाख येन होतात. दलालीची कायदेशीर कमाल मर्यादा एका महिन्याचे भाडे अधिक उपभोग कर, म्हणजे एक लाख दहा हजार. हमीदार कंपनीने निम्मे भाडे घेतले तर आणखी ५० हजार. विमा आणि कुलूप धरून आकडा पाच लाखांच्या घरात जातो. पहिला पगार हाती येण्यापूर्वीच ही रक्कम लागते. टोकियो परिसरात साधारण दर दोन वर्षांनी करार नव्याने करताना एका महिन्याच्या भाड्याइतके नूतनीकरण शुल्कही अनेकदा आकारले जाते.

एवढे देऊनही घर बहुधा रिकामे असते. पंखा, पलंग, कपाट तर नाहीच, पण अनेकदा छताचे दिवे आणि गॅसची शेगडीही नसते. शैक्षणिक व आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने मार्चमध्ये सारा देशच घर बदलत असतो. त्या काळात सामान हलवणाऱ्या कंपन्यांचे दर चढतात आणि तारखाही मिळत नाहीत.

यूआर घरे म्हणजे काय?

‘अर्बन रेनेसान्स एजन्सी’ म्हणजे यूआर ही निमसरकारी संस्था देशभर भाड्याची घरे चालवते. तिचे मूळ १९५५मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळात आहे. या घरांना रेइकिन, दलाली, नूतनीकरण शुल्क आणि हमीदार यांपैकी काहीही लागत नाही. दोन महिन्यांची अनामत भरावी लागते आणि भाड्याच्या प्रमाणात उत्पन्न किंवा बचत दाखवावी लागते. मध्यम वा दीर्घ मुदतीचा निवासी दर्जा असलेल्या परदेशी व्यक्ती अर्ज करू शकतात. मराठी माणसाला हा प्रकार ‘म्हाडा’सारखा वाटेल, पण इथे घर विकत मिळत नाही, भाड्यानेच राहायचे.

भारतीय निशिकासाईतच का एकवटले?

टोकियोच्या पूर्वेला एदोगावा प्रभागात निशिकासाई आहे. २००० सालच्या ‘वायटूके’ संकटाच्या सुमारास भारतीय संगणक अभियंते मोठ्या संख्येने टोकियोत आले. ओतेमाची या आर्थिक केंद्राकडे थेट जाणारी भुयारी रेल्वे आणि हमीदार न मागणारी यूआरची घरे, या दोन गोष्टींमुळे त्यांनी निशिकासाई गाठले. पुढे भारतीय किराणा, उपाहारगृहे आणि शाळा आल्या. अंबरनाथमध्ये जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक याच भागात राहिले. जपानचे नागरिकत्व घेतल्यावर एप्रिल २०१९मध्ये ते एदोगावा प्रभाग सभेवर निवडून आले.

या वस्तीची दुसरी बाजूही आहे. एदोगावाचा सुमारे ७० टक्के भूभाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. २०१९च्या पूरधोका नकाशावर प्रभागाने स्वतःच ‘इथे थांबू नका’ असा इशारा छापला. ऑगस्ट २०२०पासून घर भाड्याने देताना ते पूरधोका नकाशावर कुठे येते, हे दलालाने समजावून सांगणे बंधनकारक आहे. जपानी येत नाही म्हणून हा भाग मान डोलावून पुढे ढकलला जातो. इमारत जून १९८१नंतरच्या भूकंपरोधक निकषांनुसार मंजूर झाली आहे का, हाही याच वेळी विचारण्याचा प्रश्न आहे.

शेजार आणि कचरा यांचे काय?

जळणारा, न जळणारा आणि पुनर्वापराचा कचरा वेगवेगळ्या वारी, ठरलेल्या जागी, सकाळी ठरलेल्या वेळेआधी ठेवायचा असतो. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी चिठ्ठी लावून तिथेच सोडली जाते आणि ती कोणाची याची चर्चा इमारतभर होते. सोफा, गादी यांसारखा ‘सोदाई गोमी’ न्यायला पालिकेकडे आधी वेळ घ्यावी लागते आणि शुल्काचे तिकीट चिकटवावे लागते. टीव्ही, फ्रिज, वातानुकूलन यंत्र आणि कपडे धुण्याचे यंत्र यात चालत नाही. २००१पासून लागू असलेल्या कायद्यानुसार त्यांचे पुनर्वापर शुल्क वेगळे भरावे लागते. त्यामुळे ओळखीच्याने फुकट दिलेला जुना फ्रिज घर सोडताना महागात पडतो.

नव्या घरी गेल्यावर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना टॉवेल किंवा साबणासारखी छोटी भेट देऊन नमस्कार करण्याची जुनी रीत आहे. शहरांत ती कमी होत आहे. पण लहान मुले असलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग होतो. पुढे आवाजाची तक्रार थेट मालकाकडे जाण्याआधी दारावर टकटक होण्याची शक्यता वाढते.

पैशाच्या बाबतीत नेमक्या चुका कुठे होतात?

पहिली चूक निवासी कराची. हा कर आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर, एक जानेवारीला जिथे वास्तव्य असेल ती पालिका आकारते. त्यामुळे नवागताला पहिल्या वर्षी तो बहुधा लागत नाही आणि दुसऱ्या वर्षी पगारातून अचानक रक्कम कापली जाऊ लागते. दुसरी चूक विम्याची. नोकरी सुटल्यावर कंपनीचा आरोग्य विमा संपतो आणि पालिकेत जाऊन राष्ट्रीय विमा घ्यावा लागतो. थकलेले हप्ते पुढे कायमस्वरूपी निवासाच्या अर्जात आडवे येतात. तिसरी चूक बाल भत्त्याची. पालिका बदलल्यावर तो नव्याने मागावा लागतो आणि १५ दिवसांची मुदत हुकली तर एखाद्या महिन्याचा भत्ता बुडू शकतो.

घर सोडताना अनामत रकमेचा वाद होतो. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या सुधारित नागरी संहितेनुसार नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूने भरून द्यायची नसते. फर्निचरमुळे गालिचावर पडलेला वळ किंवा उन्हाने फिकट झालेला भिंतीचा कागद यांचे पैसे सहसा भाडेकरूकडून घेता येत नाहीत. मात्र साफसफाईच्या शुल्काचे कलम करारात असेल तर ते भरावे लागू शकते. म्हणून राहायला गेल्या दिवशीच प्रत्येक खोलीची, भिंतींवरच्या ओरखड्यांसह, तारखेची छायाचित्रे काढून दलालाला पाठवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. कागदपत्रांत अडलेल्यांसाठी टोकियोच्या योत्सुया येथे जुलै २०२०पासून परदेशी रहिवासी साहाय्य केंद्र सुरू असून तिथे निवासी दर्जाविषयी सल्ला मिळतो.